आजचे चिंतन : मळ आणि झीज

गीतेच्या 3 ऱ्या अध्यायात, 38 व्या श्लोकात, धुळीने झाकलेल्या आरशाचा दृष्टांत आहे. आरसा गेलेला नसतो, झाकलेला असतो.

नरखेडच्या संत्राबागांतल्या पंपांचे शाफ्ट ज्यावर होतात, ती जुनी लेथ आम्ही खोलली. चकचे तिन्ही जॉ नंबर पाहून ठेवले. 1, 2, 3 ज्याच्या त्याच्या खाचेतच बसवायचे. काळं चिकट तेल रॉकेलने निघालं. बेडवर मात्र पॉलिश पेपर घासायचा नाही. गंजासोबत मापही जातं.

मग दारू सोडून घरी आलेल्या माणसाला रोज टोमणे मारतो, तेव्हा आपण त्याचा मळ काढतो की त्यालाच झिजवतो? मळ काढावाच, पण हात हलका असावा. मागची झीज भरून येत नसली, तरी माणूस अजून कामाचा आहे.

जय हरी.