तवक्कुल आणि वादळाची पूर्वतयारी



3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. घरांची छपरे उडाली, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रात अशी वादळे उठतात. अशा संकटाला श्रद्धावंत कुटुंबाने कसे सामोरे जावे, याचा विचार आकाश निरभ्र असतानाच व्हायला हवा.

“नशिबात असेल ते होईल,” असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. विधान खरे आहे. परंतु त्याच्या आधारे हात बांधून बसणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. ह. उमर (रजि.) शाम देशाकडे जात असता तिकडे प्लेगची साथ असल्याचे कळले व त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हे अल्लाहने ठरविलेल्या नशिबापासून पळणे नाही काय, असा प्रश्न ह. अबू उबैदा (रजि.) यांनी केला. त्यावर त्यांनी उत्तर दिले, की आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. निवारा केंद्रात जाण्याची सूचना आली असता जो कुटुंबप्रमुख केवळ हट्टाने घर सोडत नाही, त्याने हे उत्तर आठवावे. त्याच्या एका ‘नाही’शी घरातील वृद्धांचे आणि लेकरांचे प्राण बांधलेले असतात. ते प्राण त्याच्या मालकीचे नाहीत. ती अल्लाहची अमानत आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये दुष्काळापूर्वीच्या सात सुकाळी वर्षांत धान्य कणसांतच राखून ठेवण्याची योजना आली आहे. ती सांगणारे ह. यूसुफ (अ.) अल्लाहचे प्रेषित होते. प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य ठेवत असत, हेही हदीसमध्ये नमूद आहे. म्हणून गरजेपुरता साठा करणे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. मात्र भाव चढावा म्हणून माल दडवून ठेवणाऱ्यास प्रेषितांनी अपराधी ठरविले आहे. वादळाच्या आदल्या दिवशी मेणबत्त्या, रॉकेल व दूध दामदुपटीने विकणाऱ्या दुकानदाराने हा फरक ओळखावा.

आता घरातील तयारीकडे वळू. वीज गेली की पंप थांबतो आणि नळ कोरडे पडतात. म्हणून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर याप्रमाणे निदान तीन दिवसांचे पाणी भरून झाकून ठेवावे. भांडी झाकण्याची शिकवण तर सुन्नतमध्येच आहे. प्रेषित (स.) एक मुद, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करीत, ती काटकसर अशा दिवसांत अंगी बाणवावी. झोपण्यापूर्वी दिवे विझविण्याची त्यांची आज्ञा मेणबत्ती व कंदिलाच्या रात्री अक्षरशः पाळावी. जनरेटर घरात कधीही चालवू नये; त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला तो उठू देत नाही. विजेरी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, थोडी रोकड, नित्याची औषधे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे एका पिशवीत तयार असावीत. घरात इन्सुलिन घेणारे कोणी असल्यास फ्रीज बंद पडल्यावर ते कसे सांभाळावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. वारा अचानक शांत झाला तरी लगेच बाहेर पडू नये. वादळाचा मध्य डोक्यावरून जात असेल, तर थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच वारा सुटतो.

पाऊस-वाऱ्याच्या रात्री प्रेषितांच्या आदेशाने मुअज्जिन लोकांना घरीच नमाज अदा करण्याची घोषणा करीत असे. अल्लाहने दिलेली ही सवलत नाकारून जीव धोक्यात घालण्यात कोणतेही शौर्य नाही.

परंतु केवळ आपले घर भरले म्हणजे तयारी पूर्ण होत नाही. कोकणातील अनेक घरांचे कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत असतात. मागे वृद्ध माता-पिता, स्त्रिया व मुले राहतात. कौले कोण शाकारणार? आजारी आजीला उचलून सुरक्षित जागी कोण नेणार? शेजारी उपाशी असता स्वतः पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाविषयी प्रेषित (स.) यांनी दिलेला इशारा आपण जाणतो. शेजारी अंधारात असता तो इशारा आपल्याला लागू होत नाही काय? प्रत्येक मोहल्ल्याच्या जमाअतीने मे महिन्यापूर्वी एकट्या, वृद्ध व आजारी माणसांच्या घरांची यादी करावी आणि प्रत्येक घराची जबाबदारी एका तरुणाला नावानिशी सोपवावी. त्यात धर्म पाहू नये; शेजाऱ्याचा हक्क शेजारी म्हणूनच असतो.

वारा जोराने वाहू लागला की प्रेषित (स.) त्याला दूषण देत नसत, त्यातील भलाई मागत आणि त्यातील अनर्थापासून अल्लाहचे संरक्षण मागत. आपणही हात उचलावेत. मात्र त्याआधी त्याच हातांनी पाणी भरलेले असावे, छप्पर बांधलेले असावे आणि शेजाऱ्याचे दार ठोठावलेले असावे.

अल्लाह आपणा सर्वांना याची सद्‌बुद्धी देवो व आपल्या घरादारांचे रक्षण करो. आमीन.