काळाने हरवलं, की काळाने बदललं?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय चौथा, श्लोक १ ते ३

चौथ्या अध्यायाची सुरुवात भगवंत एका वंशावळीने करतात. हा योग मी आधी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला. त्याने मनूला सांगितला, मनूने इक्ष्वाकूला, आणि पुढे तो राजर्षींच्या परंपरेत चालत राहिला. इथपर्यंत आपण मान डोलवत वाचतो. आणि मग भगवंत सहज बोलल्यासारखं सांगतात की पुष्कळ काळ लोटला आणि हा योग इथे नष्ट झाला.

जरा थांबा. नष्ट झाला? पहिल्याच श्लोकात याच योगाला त्यांनी ‘अव्यय’ म्हटलंय. अव्यय म्हणजे जो झिजत नाही, खर्च होत नाही. एका श्लोकात अव्यय, पुढच्या श्लोकात नष्ट. आणि तिसऱ्या श्लोकात पुन्हा : तोच पुरातन योग मी आज तुला सांगतोय. ‘तोच’. सुधारलेला नाही, द्वापरयुगासाठी नवं व्हर्जन काढलेलं नाही.

श्रीशंकराचार्यांनी भाष्यात ही गाठ सोडवली आहे. नष्ट झाला याचा अर्थ ते संप्रदाय तुटला असा करतात. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला धागा तुटला. जे सांगायचं होतं त्याला काही झालं नाही.

हे असं तुटणं आपल्याच मातीत घडलेलं आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली सांगून झाली. पुढे हाताने नकला होत गेल्या. कुणाचा हात चुकला, कुणी आपली ओवी मध्येच घुसवली, कुणी अवघड शब्द बदलून सोपा घातला. हे सगळं बहुधा प्रेमापोटीच झालं असणार. आणि जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती समोर ठेवून पाठ शुद्ध केला. आळंदीची समाधी आणि अजानवृक्षाच्या मुळीची आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहेच, पण मला या कामातली शांत मेहनत जास्त भावते. नाथ स्वतः केवढे कवी! भागवतावर त्यांनी हजारो ओव्या लिहिल्या. काळ बदलला म्हणून ज्ञानेश्वरीत चार ओव्या घालायला त्यांना कोण अडवणार होतं? त्यांनी स्वतःची घातली नाही, आणि पुढच्यांनाही बजावून ठेवलं की यात आपली ओवी मिसळू नका. काळाने जे बदललं होतं ते ज्ञानेश्वरीवर चढलेलं होतं, ज्ञानेश्वरी नव्हे, ही त्यांची खात्री होती.

आता मूळ प्रश्न. ‘सत्य काळाप्रमाणे बदलतं का?’ असं कुणी विचारलं की आपण पटकन म्हणतो, सत्य त्रिकालाबाधित असतं. हा शब्द आपण इतका गुळगुळीत केलाय की त्यातला ‘बाध’ कुणाला ऐकूच येत नाही. वेदान्तात बाध म्हणजे एखादी समजूत खोटी ठरणं. नेहमीचं उदाहरण घ्या : अंधारात दोरी पडली आहे आणि तुम्हाला साप दिसला. दिवा आणला, दोरी दिसली. आता तुम्ही काय म्हणता? ‘मघाशी साप होता, आता दोरी झाली’ असं म्हणता का? नाही. तुम्ही म्हणता, साप कधी नव्हताच. दिवा आत्ता लागला, पण निकाल मागच्या सगळ्या काळाला लागू झाला. छातीत धडधडलं ते खरं होतं, घाम फुटला तोही खरा. साप मात्र एक क्षणभरही नव्हता.

हे नुसतं तत्त्वज्ञान म्हणून सोडून देऊ नका, कारण इथे माणसांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पंढरपूरला जाता तेव्हा नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी बघता ना? ज्याच्या अभंगांवर वारकरी सातशे वर्षं डोलतोय, त्याला महाद्वाराच्या आत पाऊल टाकता आलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून ते गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, आणि जागा मिळाली ती दाराबाहेर. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि ते दार सगळ्यांसाठी उघडलं.

आता सांगा, त्या दिवशी सत्य बदललं का? चोखोबांच्या काळी ते विठ्ठलापासून दूर होते आणि १९४७ पासून जवळ आले, असं आहे का? ‘तेव्हाच्या काळाला धरून ते बरोबर होतं’ असं अजूनही भलेभले म्हणतात, आणि ऐकताना समंजसही वाटतं. मला ते पटत नाही. दोरीला दोरी म्हणून ओळखल्यावर ‘मघाच्या वेळेपुरता साप खरा होता’ असं कुणी म्हणत नाही, मग इथेच का म्हणायचं? विटाळ तेव्हाही नव्हता. त्या काळी अनेकांना हे दिसत नव्हतं हे खरं, पण चोखोबांना दिसत होतं आणि नामदेवांना दिसत होतं.

याचा अर्थ सगळंच कायमचं एक असतं असं मात्र नाही. आचार बदलतात, आणि बदलावेत हे शास्त्रच सांगतं. पराशरस्मृती तर उघडच सांगते की प्रत्येक युगाची स्मृती वेगळी, कृतयुगाला मनूची आणि कलियुगाला पराशरांची. उपवासाला काय चालतं, सोवळं किती, पूजा घरी की ऑफिसला जाताना लोकलमध्ये मनातल्या मनात, हे सगळं काळाच्या खात्यातलं. त्यावरून घरी भांडू नका.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुमच्यापैकी कितीतरी जणांची असणार. कॉलेजात असताना नामाला बसलं की डोळे भरून यायचे. मग नोकरी आली, शहर बदललं, आणि आता माळ हातात घेतली तरी काही वाटत नाही. मग मनात येतं, तेव्हाचं सगळं वयाचं होतं, भाबडेपणा होता. ‘तेव्हा खरं होतं, आता नाही.’

इथे चौथ्या अध्यायाने दिलेला फरक हातात घ्या : खोटं ठरणं वेगळं आणि हरवणं वेगळं. कुठला दिवा लागला, ज्याच्या उजेडात ते खोटं ठरलं? असा काही विचार, असा काही अनुभव खरंच आला असेल, तर त्याच्याशी प्रामाणिकपणे झुंजा. याच अध्यायात पुढे ज्ञान्यांना प्रश्न विचारायला सांगितलंय, तेव्हा शंका घेण्याची भीती बाळगू नका. पण बहुतेक वेळा शोधून पाहिलं तर कुठलाही दिवा लागलेला नसतो. नुसता काळ लोटलेला असतो. बसणं बंद झालं, ज्यांच्याबरोबर बसायचो ती माणसं पांगली. धागा तुटला. ही भगवंतांच्या शब्दातली ‘नष्ट’ अवस्था झाली, आणि ती त्या अव्यय योगालाही चुकली नाही.

तुटलेला धागा भगवंत कसा जोडतात तेही तिसऱ्या श्लोकात आहे. अर्जुनाला ते ‘हे फार जुनं आहे म्हणून ऐक’ असं म्हणून थांबत नाहीत. तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस, म्हणून सांगतो, म्हणतात.

एक गंमत बघून ठेवा. दुसऱ्या श्लोकात योग नष्ट झाला तिथे शब्द आहे ‘कालेन’, काळाने. आणि अध्यायाच्या शेवटाकडे, अडतिसाव्या श्लोकात, योगात सिद्ध झालेल्या माणसाला ते ज्ञान स्वतःच्याच ठिकाणी सापडतं असं सांगताना पुन्हा तोच शब्द येतो : ‘कालेन’. आज रात्री पोथी उघडून दोन्ही श्लोक शेजारी शेजारी वाचा.

उद्या चौथा श्लोक. विवस्वान तर केव्हाचा, आणि कृष्णा, तू तर आत्ताचा, हे कसं मानू, असं अर्जुन थेट विचारतो.