‘आज काय केलंस जेवायला?’ : हेही वाणीचं तप असू शकतं का?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५

मंडळी, काल चौदाव्या श्लोकात आपण शरीराचं तप पाहिलं. आज वाणीचं. भगवंत म्हणतात त्याचा साधा अर्थ असा : जे बोलणं ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ माजवत नाही, जे खरं असतं, कानाला गोड लागतं आणि ज्यात समोरच्याचं भलं असतं, ते बोलणं आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा सराव, हे वाणीचं तप.

हा श्लोक आमच्या सोसायटीतल्या रविवारच्या गीतावाचनात आला, तेव्हा एका आजोबांनी मला सरळच विचारलं. “तुम्ही पोरी दिवसभर मोबाइलवर काय बोलता ते मला माहितीये. आज भाजी कुठली, कुणाची कामवाली आली नाही, पेपरातल्या कोड्यात आडवं सात काय. आमची सूनही त्यातलीच. आता सांग, ह्यात तप कुठलं? ही तर वाणीची उधळपट्टी!” सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला जायला एक तासाच्या वर, यायला तेवढाच, मध्ये नऊ तास ऑफिस. उरलेल्या वेळातून नामस्मरणाला किती, घराला किती आणि “मी आज दोडक्याच्या शिरांची चटणी केली” ह्याला किती, हा हिशोब साधकाने मांडायलाच हवा.

आजोबांच्या बाजूने समर्थ उभे आहेत, हे आधीच मान्य करू. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं आहेत आणि त्यातली कितीतरी बोलण्याचीच आहेत. दोघं बोलत असताना तिसऱ्याने मध्ये जाऊन बसणं हेसुद्धा समर्थांनी सोडलेलं नाही. मनाच्या श्लोकांतही ते बजावतात की कृती नसेल तर नुसती बडबड वाया जाते. मग आमची ही बडबड कुठे बसते?

पहिली गोष्ट मला पुढच्या, सोळाव्या श्लोकात सापडली. तिथे भगवंत मनाचं तप सांगतात आणि त्या यादीत ‘मौन’ आहे. गंमत पाहा, मौन हे वाणीच्या तपात घातलेलं नाही, मनाच्या तपात घातलंय. म्हणजे जिभेला ‘गप्प बस’ असं गीता इथे सांगतच नाही. जिभेला ‘असं बोल’ म्हणते आणि शांत राहायला मनाला सांगते. कमी बोललं की तप झालं, इतकं ते सोपं नाही. तोंड बंद आणि आत दिवसभर कुणावर तरी धुमसणं चालू, ह्याला तप कोण म्हणेल?

आता चार कसोट्या लावू. मी इंजिनिअर आहे, चेकलिस्ट समोर असली की बरं वाटतं.

पहिली : बोलण्याने खळबळ होते का? “आज मुगाची खिचडी आणि पोह्याचा पापड” हे वाचून आजवर कुणाची झोप उडालेली नाही. दुसरी : खरं आहे का? खिचडी कुकरमध्येच असते, त्यात खोटं काय असणार? तिसरी : प्रिय आहे का? आहेच. आता हीच चाळणी आपण ज्याला ‘महत्त्वाची चर्चा’ म्हणतो तिला लावून बघा. राजकारणावरचे फॉरवर्ड, ‘सर्वांपर्यंत पोहोचवा’ म्हणून आलेला कुठलाही उपाय, अमक्या समाजाबद्दलचा तमका व्हिडिओ. बहुतेक वेळा पहिल्या दोन कसोट्यांतच ते अडकतात. म्हणजे गीतेच्या मोजमापाने खिचडी ह्या मोठमोठ्या गोष्टींच्या पुढे निघते!

समर्थांचा आक्षेपही इथे थोडा सैल होतो. कृतीशिवायची बडबड वाया, बरोबर. पण ‘डाळ किती वेळ भिजवू’, ‘पितळेचं तांब्याभांडं कशाने घासलंस’ ही बडबड कृतीचीच असते. बोलून झालं की बाई उठते आणि भांडं घासते.

राहिली चौथी कसोटी, हिताची. खरी अडचण तिथे आहे. निरुपद्रवी असणं आणि हितकर असणं ह्यात फरक आहे. ह्या गप्पांनी कुणाचं भलं होतं का?

थोडं मागे जाऊ. आमच्या ह्या पट्ट्यात अशा गप्पांची शाळा म्हणजे लोकल. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली. तेव्हापासून ठाणे, डोंबिवली, कल्याण इथली किती आयुष्यं रुळांवर गेली असतील! लेडीज डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, गवार मोडली जाते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण लागतं, आरती होते. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ टाळ वाजवत असतं. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई वर्षभरात मैत्रीण होते आणि तिचं आडनाव कधीकधी दुसऱ्या वर्षी कळतं.

मग २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. बाकीच्यांना डबा कितीतरी महिने बंदच होता. दोन डोस झालेल्या सगळ्यांना पुन्हा प्रवास करता आला तो १५ ऑगस्ट २०२१ पासून. ह्या काळात आमच्यासारखे असंख्य डबे मोबाइलमध्ये शिरले. आमच्या ग्रुपमध्ये आठजणी. एक कल्याणच्या ताई बँकेतल्या, एक ठाकुर्लीची शिक्षिका, एक निवृत्त काकू ज्यांचा मुलगा परदेशात. पुढे काहीजणी अशा जोडल्या गेल्या की ज्यांना मी आजही प्रत्यक्ष भेटलेले नाही. सकाळी काकू शब्दकोड्यातला एक अडलेला शब्द टाकतात, दुपारी डब्यात काय आहे ते येतं, रात्री ओटा आवरल्याचा फोटो. एवढंच.

ह्यात हित कुठे? माझ्या कामातलं एक उदाहरण देते. आम्ही जे सर्व्हर चालवतो, ते एकमेकांना दर काही सेकंदांनी एक छोटासा संदेश पाठवत राहतात. त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. त्या संदेशात सांगण्यासारखं काहीही नसतं. ‘मी आहे’ एवढाच त्याचा अर्थ. नवखा माणूस म्हणेल, कशाला ही वायफळ वाहतूक? पण तो संदेश ज्या क्षणी यायचा थांबतो, त्या क्षणी कुठेतरी घंटा वाजते आणि माणूस धावतो. त्या संदेशाची किंमत तो येत नाही तेव्हा कळते.

माणसांतही असंच घडलेलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ ऐंशी वर्षांची एक आजी घरात एकटी असताना एक माणूस आत घुसला आणि त्याने तिला कित्येक तास कोंडून ठेवलं. ती रोज ‘वर्डल’ हे पाच अक्षरांचं शब्दकोडं सोडवून आपला निकाल लांब सिअ‍ॅटलला राहणाऱ्या मुलीला पाठवायची. त्या दिवशी निकाल आला नाही. मुलीला शंका आली, पोलीस गेले, आजी सुखरूप सुटली. रंगीत चौकोनांचा तो रोजचा मेसेज पाहून कुणी म्हणालं असतं, “काय हा पोरखेळ!” त्या पोरखेळाने जीव वाचला.

पण सगळ्या संकटांत पोलीस बोलावता येत नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या ठाकुर्लीच्या मैत्रिणीची आई कोरोनाने गेली. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘आत्मा अमर आहे’, ‘देव बळ देवो’. सगळं खरं, सगळं शास्त्राला धरून. तिने एकालाही उत्तर दिलं नाही. दोनेक आठवडे ग्रुपवर तिचं नावही उमटलं नाही. मग एका दुपारी काकूंनी फक्त विचारलं, “आज काय केलंस जेवायला?” बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “काही नाही.” काकूंनी लिहिलं, “तांदूळ आहेत ना घरात? मूठभर घे, पेज कर. मीठ आणि चमचाभर तूप. झाली की सांग.” पाऊण तासाने एकच शब्द आला, “केली.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. आठवड्याने तिने आपणहून लिहिलं की आईच्या हातची आमटी तिला जमत नाहीये, चिंच आधी घालायची की नंतर. त्या संध्याकाळी आठजणींनी फक्त आमटीवर चर्चा केली. मला वाटतं, तिच्या आईचं श्राद्धच होतं ते एका अर्थाने.

‘आत्मा अमर आहे’ हे ‘पेज कर’ पेक्षा कितीतरी मोठं सत्य आहे. पण त्या दिवशी हित ‘पेज कर’ मध्ये होतं. आणि काकूंना ते विचारण्याचा अधिकार कुठून आला? त्या आधी कितीतरी महिने रोज तेच विचारत होत्या, म्हणून. सुखाच्या दिवसांत ज्या वाटेवर कुणी चाललंच नाही, ती वाट दुःखाच्या दिवशी सापडत नाही. रोजच्या फुटकळ गप्पा म्हणजे ती वाट तुडवून ठेवणं. म्हणून हित एकेका वाक्यात शोधलं तर सापडणार नाही. खिचडीच्या एका मेसेजात ते नाहीच. ते साठत जातं.

ज्ञानेश्वरीत माउलींनी ह्याच वाणीच्या तपावर सुंदर दृष्टांत दिलाय. पाणी सोडलेलं असतं झाडासाठी, पण जाता जाता वाटेतलं गवतही त्यावर जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं होतं. आमटीचा प्रश्न एकीचा होता, पण त्या आठवड्यात आणखी दोघी घरात आजारपण सोसत होत्या. त्या गप्प राहून वाचत होत्या. त्या आमटीवर त्याही तगल्या, हे नंतर कळलं.

आता कोड्यांकडे वळू. शब्दकोडं म्हणजे स्वाध्याय असं मी म्हणणार नाही, तेवढा मुलाहिजा शास्त्राचा राखायला हवा. पण आमच्या ग्रुपचा एक नियम मला फार आवडतो : उत्तर सांगायचं नाही, फक्त खूण द्यायची. उत्तर ओठांवर असताना ते गिळायचं आणि दुसरीला तिचा आनंद मिळू द्यायचा. सोळाव्या श्लोकातलं मौन ह्याहून मोठं आहे, पण त्याची बालवाडी मला इथे दिसते.

तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली आठवते. भृगू वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म काय ते विचारतो. वरुण खूण देतो आणि तप करायला पाठवतो. भृगू पहिलं उत्तर घेऊन येतो, ‘अन्न’. वरुण ‘चुकलास’ असं म्हणत नाही, आणखी तप कर म्हणतो. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. पहिली पायरी अन्नाची आहे, आणि आनंदापर्यंत पोहोचल्यावरही उपनिषद अन्नाला विसरत नाही. अन्नाला नावं ठेवू नका, दारी आलेल्याला परत पाठवू नका, अशी व्रतंच सांगतं. ‘आज काय केलंस?’ ह्या प्रश्नाला मी तेव्हापासून हलकं मानत नाही.

आणि आपल्या संतांचं तर सगळं घरकामातूनच चाललेलं. जनाबाईच्या दळण-कांडणात विठ्ठल हात लावायला आला, सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई दिसली. जात्यावर बसलेल्या बायांनी भाऊ, माहेर, सासर आणि पंढरी एकाच ओवीत गुंफलं. हेमा राईरकर आणि गी पोइतवँ ह्यांनी खेड्याखेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्या बायांना विचारलं असतं, ह्यातली गप्प कुठली आणि भक्ती कुठली, तर त्यांना वेगळं काढता आलं नसतं.

तरीही आजोबांचा इशारा मी टाकून देत नाही. ह्या गप्पांचं तप बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, जी समोर नाही तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं की. तिथे चारही कसोट्या एकदम मोडतात. दोन, घरात सासूबाई पानावर बसल्यात आणि आपण ताटाचा फोटो काढतोय, असं झालं की. लांबच्या मैत्रिणीला ‘जेवलीस का’ आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला काहीच नाही, हे हित नव्हे. तीन, उत्तराची वाट न बघता नुसतं विचारणं. सकाळी उठल्यावर दोनशे जणांना पाठवलेलं फुलाचं चित्र ह्यात येतं. प्रश्न विचारला तर ऐकायला थांबावं लागतं, आणि वाणीच्या तपातला कष्टाचा भाग तोच आहे.

पसायदानात माउलींनी काय मागितलं? जीवांची एकमेकांशी जिवाभावाची मैत्री व्हावी. ती मागणी मोठी आहे, विश्वाएवढी. पण सुरुवात कुठून करायची तर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीपासून करता येते, असं मला वाटतं. आजोबांना पुढच्या रविवारी मी हेच सांगणार आहे. ते पटवून घेतील की नाही माहीत नाही, पण त्यांनी विचारलं नसतं तर मी हा श्लोक नुसताच वाचून पुढे गेले असते.

आजचा संकल्प : जो माणूस काही दिवस शांत आहे, अशा एकाला आज विचारा, ‘काय केलंस जेवायला?’ उपदेश नको, फॉरवर्ड नको. विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.

॥ राम कृष्ण हरी ॥