पाण्यातील घरटे

पाखरास वेदीपाशी घरटे सापडल्याचे आपण ८४ व्या स्तोत्रात वाचितो. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे, गोदावरी व कादवा यांच्या पाण्यावरील बंधाऱ्यात गाळ साचून बेटे झाली. शेतकरी म्हणतो, गाळाने पाणी घटते. ते खोटे नव्हे. पाखरांस मात्र तेथे आसरा मिळाला, आणि २०२० साली ते स्थळ रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

कित्येक देशांत माणसे तळ्यांत मुद्दाम बेटे रचितात. परंतु मातीचे बेट पाणी चढताच बुडते, अंडी वाहून जातात. म्हणून शहाणे लोक तराफा नांगरून ठेवितात, तो पाण्याबरोबर वर येतो.

आम्ही नव्या कुटुंबास मंडळीत जागा दिली. पुढे गावाने त्यास वाळीत टाकिले, तेव्हा आम्ही आपापल्या घरी बसून राहिलो.