कुणाच्या खात्यावर?

गेल्या दिवाळीत पाडव्याला मी नवी वही घरी आणली नाही. कित्येक वर्षांचा माझा तो नेम होता. पुण्याच्या मार्केट यार्डात एका भुसार पेढीवर मी जमाखर्च लिहीत असे. पेढीच्या वह्यांबरोबर एक वही घरासाठी घ्यावी, पत्नीने तिला हळदकुंकू वाहावे, मग मला ओवाळावे आणि ओवाळणीची रक्कम मी त्या वहीत पहिली नोंद म्हणून लिहावी, असा आमचा क्रम. गेल्या श्रावणात ती गेली. ओवाळणारेच कुणी राहिले नाही, मग वही तरी कशाला?

स्मशानातले वैराग्य घराच्या उंबरठ्याशी संपते, असे म्हणतात. माझे संपले नाही. तेरावा झाला, पाहुणे पांगले, तरी मन कशात लागेना. आयुष्यात मी तीन कामे केली. आधी शाळेत मास्तर, मग विम्याचा एजंट, शेवटी पेढीवर मुनीम. प्रत्येक वेळी वाटे, आपले खरे काम हे नव्हे. ते पुढे कुठेतरी आपली वाट पाहत आहे. आता वाटले, हीच ती हाक. घर विकावे, पैसा एखाद्या धर्मशाळेला द्यावा आणि आळंदीला जाऊन नामस्मरणात उरलेले दिवस काढावेत.

मुलीला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही खुशाल जा. पण घर मोडू नका. आई गेली, आता माहेरही गेले, तर मी यायचे कुठे?"

मला राग आला. परमार्थाच्या वाटेत संसार आडवा येतो तो असा, असे मनात म्हणत मी दुसऱ्या दिवशी देहूला गेलो आणि तेथून भंडाऱ्याच्या डोंगरावर. वर बसल्यावर तुकोबांची कथा आठवू लागली. ती आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या दिवशी ती मला जमाखर्चाच्या भाषेत ऐकू आली.

तुकोबांचे घराणे वाण्याचा व्यवसाय करणारे, सावकारी असणारे. परंपरा सांगते की, थोरले भाऊ सावजी पत्नी वारल्यावर घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. घराचा भार धाकट्या तुकोबांवर पडला. पुढे 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ आला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. म्हणजे पत्नीवियोगाचे दुःख दोघाही भावांच्या वाट्याला आले. एक निघून गेला, दुसरा त्याच गावात राहिला. सावजींच्या वैराग्याला मी नावे ठेवीत नाही. पण ते नावे पडले तुकोबांच्या, हे खरे.

आणि कर्जखतांची ती प्रसिद्ध गोष्ट! तुकोबांनी सगळी खते इंद्रायणीत बुडवली असे आपण सरसकट म्हणतो. पण परंपरेतली हकीकत अशी आहे की, त्यांनी आधी खतांची वाटणी केली. निम्मी धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. मुनीम म्हणून मी या वाटणीपाशी थबकलो. सोडायचे ते आपल्या वाट्याचे. दुसऱ्याच्या वाट्याचे वैराग्य आपण करायचे नाही.

मग माझ्या वह्या मनाशी उघडल्या. शाळा सोडली तेव्हा दोन वर्षे पत्नीने शेजाऱ्यांचे कपडे शिवून घर चालवले होते. विम्याचे काम सोडले तेव्हा तिच्या पाटल्या गेल्या. माझ्या प्रत्येक 'खऱ्या कामाच्या' शोधाचा खर्च तिने केला होता आणि त्याची नोंद माझ्या एकाही वहीत नव्हती. आता तिच्यामागे तोच खर्च मी मुलीच्या खात्यावर टाकायला निघालो होतो!

कुणी म्हणेल, असा हिशेब करीत बसले तर कुणी साधू होणारच नाही. शंका खरी आहे. याच डोंगरावर जिजाई भाकरी घेऊन चढत असे, म्हणतात. तुकोबांचेही खाते अगदी कोरे नव्हते. कुणाची तरी भाकरी खाल्ल्याशिवाय कुणाचीच साधना होत नाही. पण ती भाकरी कुणी आणली हे ज्याला दिसते, त्याच्या वैराग्यात कृतज्ञता असते. ज्याला दिसत नाही, त्याचे वैराग्य म्हणजे केवळ पळ. मी पळतच होतो. फक्त पळण्याची दिशा देवाची होती.

खाली उतरलो. पत्नीची उरलेली औषधे घरात तशीच पडली होती. ती गरजू रोग्याला देता येतील का, हे विचारायला ती ज्या सरकारी दवाखान्यात होती तेथे गेलो. केसपेपरच्या रांगेत एक शेतकरी हातातला कागद उलटसुलट करीत उभा होता. "दादा, हे कुठं दाखवायचं?" त्याने विचारले. सहा महिने तेथे हेलपाटे घातल्याने मला सारे जिने, साऱ्या खिडक्या पाठ झाल्या होत्या. त्याला घेऊन गेलो. परतलो तो आणखी एक बाई उभी. दुपार कधी झाली ते कळले नाही.

तेव्हापासून रोज सकाळी जातो. अर्ज भरून देतो, कागद वाचून दाखवतो, कधी नुसता शेजारी बसतो. याला परमार्थ म्हणावे की नाही, हे मी ठरवीत नाही. एवढे मात्र कळते की, मास्तरकीतले समजावून सांगणे, एजंटाचे अनोळख्याशी बोलणे आणि मुनिमाचा नेटकेपणा, तिन्ही येथे कामी येतात. वाट मला दुःखाने दाखवली. पण तिच्यावर चालण्याची शिदोरी त्या तीन कामांनी आणि तिच्या शिलाईने आधीच बांधून ठेवली होती.

घर मोडले नाही. यंदा पाडव्याला नवी वही आणली आहे. मुलगी भाऊबिजेपर्यंत राहायला आली आहे. तिनेच वहीला हळदकुंकू वाहिले. पहिल्या पानावर 'श्री' लिहिले आणि खाली पहिली नोंद केली ती जुन्या देण्याची, दोन वर्षांच्या शिलाईची आणि पाटल्यांची. ती रक्कम पत्नीच्या नावाने जमा धरली आहे. फेड रोज सकाळी थोडी थोडी चालू आहे.