बाळाचा सोहळा नेमका कोणासाठी?

मकरसंक्रांत जवळ आली की आमच्या साप्ताहिक सत्संगाला येणाऱ्या तरुण आया एक प्रश्न हमखास विचारतात. "यंदा बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे. घरच्या घरीच करायचंय. थीम काय ठेवू?" मग सूचनांचा पाऊस पडतो. कोणी बाळकृष्ण सुचवते, कोणी विठोबा, कोणी पतंग. गेल्या वर्षी मात्र एका आईने सगळ्या गेल्यावर हळू आवाजात वेगळेच विचारले. "बाळ दहा महिन्यांचं आहे. त्याला यातलं काहीच आठवणार नाही. मग हे सगळं मी कोणासाठी करतेय?"

हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. आपण प्रेमाने जे जे करतो, त्या प्रत्येक कर्माला तो विचारता येतो. म्हणून त्याचे उत्तर घाईने न देता थोडे थांबून शोधू या.

जुनाच सोहळा

'थीम' हा शब्द नवा, गोष्ट जुनी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीचा दिवस पाहून बोरन्हाण केले जाते. बाळाला काळे कपडे घालतात, कारण थंडीचे दिवस असतात आणि काळा रंग ऊब धरून ठेवतो. अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट आणि हातात बासरी दिली की घरातले लेकरू घटकाभर बाळकृष्ण होते. पाटावर बसवून त्याचे औक्षण होते. मग बोरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, बत्तासे असे सारे त्याच्या डोक्यावरून ओततात. त्या ऋतूत शेतात जे पिकते, तेच बाळाच्या अंगावर येते.

ही प्रथा केवळ आपलीच नाही. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात भोगीच्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे, फुले आणि नाणी ओततात. त्याला 'भोगी पळ्ळु' म्हणतात. भाषा बदलली तरी भाव तोच आहे.

या सोहळ्याची आणखी एक खूण म्हणजे तो हातांनी घडतो. हलवा करायचा तर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन मंद आचेवर साखरेचा पाक थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत हलवत राहायचे. घाई केली की गोळा होतो. धीर धरला तर दाण्याला काटा येतो. मग सुईदोऱ्याने ते दागिने ओवायचे. इतके कष्ट कशासाठी? संध्याकाळपर्यंत तुटून, चाटून संपणाऱ्या दागिन्यांसाठी! बाजारात विकत मिळणाऱ्या सजावटीत नसलेली गोष्ट इथे आहे, ती म्हणजे कोणाचा तरी वेळ.

गीतेची मोजपट्टी

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी यज्ञ, तप आणि दान यांचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. बोरन्हाण म्हणजे काही यज्ञ नव्हे. पण ही मोजपट्टी आपल्या छोट्या घरगुती सोहळ्यालाही लावून पाहता येते.

द्यायलाच हवे म्हणून, योग्य स्थळ, काळ आणि पात्र पाहून, जो परतफेड करणार नाही त्याला दिलेले दान सात्त्विक होय. गीतेत त्यासाठी 'अनुपकारी' असा शब्द आला आहे. परतफेडीची अपेक्षा ठेवून, फळावर नजर ठेवून किंवा मनातून कष्टी होऊन दिलेले दान राजस होय. दिखाव्यासाठी केलेला यज्ञही राजसच. आणि ज्या यज्ञात अन्न वाटले जात नाही, श्रद्धा नसते, तो तामस.

आता त्या आईचा प्रश्न पुन्हा ऐका. बाळाला आठवणार नाही. ते आभार मानणार नाही. आपण त्याच्यासाठी काय काय केले, हे मोठेपणी सांगितले तरी त्याला ती एक गोष्टच वाटेल. म्हणजे बाळाइतके अनुपकारी पात्र आपल्याला दुसरे कोणते मिळणार? त्याला आठवणार नाही म्हणून सोहळा व्यर्थ ठरत नाही. उलट, निष्काम देणे शिकण्याची अशी संधी पुन्हा मिळत नाही. मात्र जिथे घेणाऱ्याला काही आठवत नाही, तिथे देणाऱ्याला दिखावा करणेही फार सोपे असते. तो तक्रार करत नाही. म्हणून इथे आपणच आपल्याला तपासावे लागते.

आमच्या घरातली चूक

हे मी शहाणपणाने लिहीत नाही, चुकून शिकले म्हणून लिहिते. माझ्या थोरल्या नातवाचे बोरन्हाण आम्ही घरीच केले. दोन दिवस खपून पुठ्ठ्याचे वृंदावन उभारले. पाहुण्यांच्या सोयीने दुपारी साडेचारची वेळ ठरवली. ती बाळाची झोपेची वेळ आहे, हे सगळ्यांना माहीत होते. मुकुटाचे काटे कपाळाला टोचू लागले तसे ते रडायला लागले. "एकच फोटो, एकच," असे म्हणत मीच त्याला पाटावर धरून ठेवले होते.

जमलेली मुले बोरांकडे झेपावू लागली, तेव्हा आम्ही त्यांना थांबवले. सजावट विस्कटेल, आधी फोटो होऊ द्या! फोटो संपेपर्यंत निघायची वेळ झाली. प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्टची पिशवी दिली आणि मुले घरी गेली. चादरीवर बोरे, बत्तासे, उसाचे तुकडे जसेच्या तसे पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी ते सगळे लेकींसाठी घेऊन जायला सांगितले. चादरीकडे बघत त्या म्हणाल्या, "काकू, लूट झालीच नाही का?"

त्या एका वाक्याने मी ओशाळले. बोरन्हाणाला काही घरांत 'बोरलूट' म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या नावातच सोहळ्याचा अर्थ आहे, हे तोवर लक्षात आले नव्हते.

जे डोक्यावरून पडते ते आपले राहत नाही

बोरन्हाणात बाळ मध्यभागी असते, पण मालक नसते. त्याच्या डोक्यावरून जे ओतले जाते ते त्याच्याजवळ थांबत नाही. ते जमिनीवर पडते आणि भोवतीची मुले ते वेचून घेतात. बाळ केवळ निमित्त. आयुष्यातल्या पहिल्याच मोठ्या सोहळ्यात आपले पूर्वज लेकराला मध्यभागी बसवत आणि त्याच्या निमित्ताने बाकीच्या मुलांचे खिसे भरत. 'तुझ्यावर सुखाचा वर्षाव होवो, आणि तो तुझ्याजवळ न अडकता इतरांपर्यंत पोहोचो,' हा आशीर्वाद तिथे शब्दांविना दिला जातो.

रिटर्न गिफ्ट चांगल्या मनानेच दिले जाते, यात शंका नाही. पण त्यात नकळत हिशेब शिरतो. त्यांनी काय आणले, आपण काय द्यायचे, मागच्या वाढदिवसाला त्यांनी काय दिले होते! गीतेतला 'प्रत्युपकार' तो हाच. लुटीत हा हिशेब शक्यच नसतो. जमिनीवरच्या बोरावर कोणाचे नाव नसते. भेट घेऊन आलेले मूल आणि रिकाम्या हाताने आलेले मूल एकाच चादरीवरून वेचते. एखादे धीट मूल जास्त गोळा करते, एखादे लाजरे कडेला उभे राहते. मग कोणीतरी मोठी ताई आपल्या ओंजळीतले थोडे त्याला देते. ती ताई पाच-सहा वर्षांची असते. बाळाला काही आठवणार नाही, पण तिला आठवेल. घर कसे देते, हे ती त्या दिवशी शिकते.

फोटो काढूच नयेत असे मी म्हणणार नाही. नोकरीसाठी दूर गेलेल्या वडिलांना, परगावच्या पणजीला तो फोटो म्हणजे प्रत्यक्ष भेट वाटते. प्रश्न क्रमाचा आहे. फोटोसाठी सोहळा थांबतो, की सोहळा चालू असताना फोटो निघतो, एवढेच पाहायचे.

औक्षण कोणी करायचे?

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट मला बरीच उशिरा दिसली. नातवाच्या अंगावरचा सगळा हलवा माझ्या धाकट्या जावेने केला होता, रोज रात्री कामे आवरल्यावर थोडा थोडा. औक्षणाची वेळ झाली तशी "दूध बघून येते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. माझे दीर जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. तिला कोणी जा म्हटले नव्हते. थांब असेही कोणी म्हटले नाही. ज्या हातांनी मुकुट घडवला, त्या हातांना ओवाळायला बोलवायचे आम्हाला सुचले नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ती बातमी वाचताना मला आमच्या स्वयंपाकघराचे दार आठवले. ठराव गाव करू शकते. दारापर्यंत जाऊन हात धरून आणायचे काम मात्र घरातल्या माणसालाच करावे लागते.

धाकट्या नातीच्या बोरन्हाणाला आम्ही पहिले औक्षण जावेला करायला सांगितले. ती दोनदा नाही म्हणाली. शेवटी म्हणाली, "उद्या पोरीला काही झालं, तर माझ्याच नावावर जाईल." सुनेने काही न बोलता तबक तिच्यासमोर ठेवले आणि बाळाला घेऊन पाटावर बसली. तिने ओवाळले.

पुढे सगळे मंगलच झाले, असे इथे लिहिण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. आठवड्याभरात नातीला सर्दी-ताप आला, जसा जानेवारीत मुलांना येतोच. घरात त्यावर कोणी एक शब्द काढला नाही. जाऊ रात्री बाळाच्या उशाशी बसली होती, आणि सुनेने बाळ तिच्याच मांडीवर ठेवले. आमच्या घरावर खरा संस्कार त्या न काढलेल्या शब्दाने केला, असे मला वाटते. चांगले कर्म फळ पाहून योग्य ठरवायचे नसते. ते योग्य असते म्हणून करायचे.

घरी करताना

यंदा ज्यांच्या घरी बोरन्हाण, उष्टावण किंवा पहिला वाढदिवस आहे, त्यांच्यासाठी आमच्या चुकांतून निघालेल्या काही गोष्टी सांगते.

वेळ बाळाच्या झोपेची आणि भुकेची पाहून ठरवा, पाहुण्यांची नंतर. अर्धा-पाऊण तास पुरतो. बाळ रडू लागले तर मुकुट उतरवा. तो पाटाशेजारी ठेवला तरी सोहळा होतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर चुरमुरे पुरेत. शेंगदाणे, फुटाणे, बोराच्या बिया, हलव्याचे दाणे अगदी लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून ते त्यांच्या हाती लागू देऊ नका आणि एका मोठ्या माणसाला फक्त तेवढ्यावर लक्ष ठेवायला सांगा. सजावट घरातल्या मुलांना करू द्या. पतंग वाकडा चिकटला तरी चालेल.

आणि पाहुण्यांची यादी करताना शेवटी दोन नावे घाला. ज्याला आपल्याकडे कधी बोलावले जात नाही असे एक मूल, आणि जी आपणहून मागे सरकते अशी एक बाई. या दोघांच्या येण्याने सोहळ्याचा खर्च वाढत नाही, अर्थ वाढतो.

त्या तरुण आईला मी एवढेच म्हटले, "बाळाला आठवणार नाही म्हणून तर कर. आणि लूट होऊ दे." रथसप्तमीच्या आधी तिने बोरन्हाण केले. भिंतीवर काय सजावट होती ते मी विसरले. चादर मात्र रिकामी झाली होती. कोपऱ्यात दोन मुले शेवटच्या बत्ताशाचे दोन तुकडे करत होती, आणि बाळ मुकुटाविना आईच्या खांद्यावर झोपले होते.