मोटारीच्या पोटातली सायकल

जुन्या सायकलच्या चाकाची आउट काढायला बसलं, की बोटांना आधी कळतं आणि डोक्याला मागाहून: चाकातली प्रत्येक तार ताणलेली आहे. एका बाजूचं निपल थोडं आवळलं की रिम तिकडे सरकते, सैल सोडलं की उलटीकडे. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर दाबून बसतो, म्हणून आरा जाड लागतो. इथे भार ताणावर पेलला जातो आणि त्याला बारीक पोलादी तार पुरते. मोटारीची गोष्ट मला इंजिनापासून नव्हे, या तारेपासून सुरू झालेली दिसते.

कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने 1874 साली तारा हबला तिरप्या जोडल्या. सरळ तारा वजन पेलत. पण पायडलचा जोर रिमपर्यंत नेताना हब पिळे. तिरप्या तारांनी तो जोर नीट पोचवला. 1877 मध्ये त्याने तीनचाकी सायकलला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, बसवला, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. फ्रान्समध्ये पेकर नावाच्या यंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी ही कल्पना आधीच मांडली होती. तिला रोजच्या रस्त्यावर आणलं ते सायकलवाल्यांनी.

मानहाइमच्या कार्ल बेंझने जानेवारी 1886 मध्ये पेटंटचा अर्ज केला, तेव्हा त्याच्या इंजिनाची ताकद एक अश्वशक्तीही भरत नव्हती. एवढ्याशा जोरात वजनाचा प्रत्येक किलो महाग. तरुणपणी दुचाकीचा नाद असलेल्या बेंझने नळ्यांची चौकट, तारांची चाकं, चेन आणि डिफरन्शियल हे सगळं सायकलच्याच घरातून घेतलं.

त्याच वर्षी गॉटलिब डाइम्लरने घोडागाडी मागवून तिच्यात इंजिन बसवलं. ती चाललीही. पण तो सांगाडा पुढून ओढला जाण्यासाठी घडलेला होता. 1889 साली डाइम्लरचा सहकारी विल्हेल्म मायबाखने नळ्यांच्या चौकटीची, तारांच्या चाकांची नवी गाडी आखली आणि तिची चौकट बनली नेकारझुल्मच्या सायकली करणाऱ्या कारखान्यात. मला या तीन वर्षांचं फार मोल वाटतं. चालत असलेली गाडी बाजूला ठेवून पुन्हा पायापासून विचार करायला हुशारीपेक्षा अधिक काही लागतं.

डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डने जून 1896 मध्ये रस्त्यावर आणलेली पहिली गाडीही सायकलच्याच चार चाकांवर होती. शेडचं दार अरुंद पडलं, तेव्हा त्याने भिंतीच्या विटा फोडून ती बाहेर काढली. त्याच फोर्डच्या 1908 च्या मॉडेल टी ला मात्र लाकडी आऱ्यांची चाकं आहेत. सायकल वळताना कलते, म्हणून भार चाकाच्या रेषेतच राहतो. मोटार कलत नाही. वळणावर चाकाला आडवा धक्का बसतो, आणि अरुंद हबवरच्या तारांना तो झेपत नाही. शिवाय इंजिनं दमदार झाली होती. वजनाची काळजी आता तितकी राहिली नव्हती.

पण जिथे ताकद पुन्हा थोडकी झाली, तिथे जुना हिशेब परत आला. 1972 साली पुण्याच्या कायनेटिकने लुना ही मोपेड काढली: 50 सीसीचं इंजिन, हलका सांगाडा, तारांची चाकं आणि चक्क पायडल. चढावर इंजिन दमलं की माणसं पाय मारून त्याला हात देत.